मुलांना ओढ्याकाठी का नेते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी पुण्यात भूगोल शिकवते. दर वर्षी कुणी पालक, कधी स्टाफरूममधलंच कुणी विचारतं, "भूगोलाच्या मुलांना आंबिल ओढ्याकाठी कशाला फिरवता? पेपरात येतो का तो?"

नसेल येत. पण समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, पाठ असलेल्या मुलांना कात्रजच्या डोंगरावर पडलेलं पाणी दांडेकर पुलापर्यंत कसं येतं, हे सांगता येत नव्हतं. हा ओढा पेशवाईत वळवलेला, हेही माहीत नव्हतं. टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, हातात घेऊन काठाने चालल्यावर उतार पायांना कळतो. हे मी आजही ठामपणे सांगेन.

आता जे सहसा सांगत नाही ते सांगते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला. चार महिन्यांनी मी मुलांना प्रश्नावली देऊन काठच्या एका वस्तीत नेलं. पाणी किती फूट चढलं, किती वेळ टिकलं, काय वाहून गेलं. एक मुलगा गल्लीच्या तोंडाशीच उभा राहून भराभर लिहीत होता. एकाही दारात गेला नव्हता. सगळ्यांसमोर मी त्याला झापलं, "घरी बसूनही भरता आलं असतं की हे!"

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी इथंच राहतो. त्या रात्री बहिणीला खांद्यावर घेतलं होतं. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं."

त्याच्या कागदावर 'पाण्याची उंची' या रकान्यात लिहिलं होतं : चार फूट. पुढे कंसात, 'आमच्या घरात'.

बाकीची मुलं गप्प झाली. मी सॉरी म्हटलं, पण तेही सगळ्यांसमोरच, आणि त्याला आणखी अवघडल्यासारखं झालं. पुढच्या फेऱ्यांना तो आला नाही. मीही बोलावलं नाही.

त्याआधी मी प्रत्येक भाषणात म्हणायचे, शहर हीच आमची प्रयोगशाळा. आता तो शब्द तोंडातून निघत नाही. तिथं माणसं राहतात, त्यातली काही माझ्याच वर्गात बसतात, आणि मी हजेरी घेताना त्यांचा पत्ता कधी वाचलेला नसतो.

मग नेणं बंद का केलं नाही? केलं होतं, एक वर्ष. त्या वर्षी मुलांनी पुराची कारणं गाइडातून लिहिली. मार्क चांगले पडले. मला मात्र ते पेपर तपासवेनात.

आता प्रश्नावली नेत नाही. आधी वर्गात विचारते, ओढ्याकाठी कोण राहतं? कधी हात वर होतात, कधी होत नाहीत. होत नाहीत तेव्हा पुढे काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.