तुम्ही विचारलंत म्हणून: पबजी मोठा की फोर्टनाइट?

दोन्ही बॅटल रॉयल गेम, म्हणजे बरेच खेळाडू एका मैदानात उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. प्रश्न कधी या दोघांचा असतो, कधी त्यात फ्री फायर, एपेक्स आणि वॉरझोनही येतात. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं, आकडा फक्त दुजोऱ्याला हवा असतो. आणि आकडा कुठला धरता त्यावर कोणालाही जिंकवता येतं.

जानेवारी २०१८ मध्ये पबजीने स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, एकाच क्षणी ३२ लाख ५७ हजार खेळाडू गाठले. हा आकडा खणखणीत आहे, कारण स्टीम तो उघड दाखवतं. पण त्यात कन्सोल नाही, आणि पबजी मोबाइल तर वेगळाच गेम. फोर्टनाइट स्टीमवर नाहीच, त्यामुळे तो बनवणारी एपिक कंपनी सांगेल तेवढंच कळतं: मे २०२० मध्ये ३५ कोटी नोंदलेली खाती. खातं उघडून दोन मॅच खेळून गेलेलाही त्यात मोजला जातो. फ्री फायरचा २०२१ च्या दुसऱ्या तिमाहीतला आकडा एका दिवसात जास्तीत जास्त १५ कोटी सक्रिय खेळाडूंचा. एक आकडा क्षणाचा, एक जन्मभराचा, एक दिवसाचा. हे तीन एका तक्त्यात मांडून कोणी क्रमवारी लावली असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा.

माझ्या मते खरा फरक दुसऱ्याच प्रश्नात आहे: खेळाडू मेल्यावर गेम त्याचं काय करतो?

सुरुवातीला काहीच करत नव्हता. ब्रेंडन ग्रीनने ‘प्लेयरअननोन’ या टोपणनावाने २०१३ मध्ये आर्मा २ या युद्धाच्या गेमच्या डेझी मॉडवर (मॉड म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करून बनवलेला नवा खेळ) आपला बॅटल रॉयल मॉड बनवला. मग तीच कल्पना एच१झेड१ या गेममध्ये गेली आणि तिथून कोरियाच्या ब्लूहोल कंपनीकडे. २३ मार्च २०१७ ला पबजी अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला. शंभर जण, आठ बाय आठ किलोमीटरचा एरांगेल नावाचा मॅप, खेळायची जागा लहान करत आत सरकत येणारा निळा झोन. मेलात की मेन्यू, पुन्हा लॉबी (मॅचआधी खेळाडू जमतात ती जागा), पुन्हा उडी मारायचं विमान. भीती खरी वाटायची ती याच क्रूरपणामुळे. वीस मिनिटं बंदुका-हेल्मेटांची लूट गोळा करायची आणि एका गोळीत सगळं संपायचं. त्या एका गोळीलाही हिशोब होता. कार९८के रायफलची गोळी डोक्यात बसली तर लेव्हल २ हेल्मेटवाला जागीच जायचा, लेव्हल ३ वाला वाचायचा. त्यालाही एका गोळीत लोळवायचं तर एडब्ल्यूएम रायफल लागायची, आणि ती विमानातून पडणाऱ्या पेटीतच, म्हणजे एअरड्रॉपमध्येच. म्हणून लेव्हल ३ हेल्मेट दिसलं की माणसं वेड्यासारखी उघड्यावर धावायची.

२६ सप्टेंबर २०१७ ला फोर्टनाइटचा बॅटल रॉयल आला. जेमतेम दोन महिन्यांत उभा केलेला आणि फुकट. पबजी तेव्हा विकत घ्यावा लागायचा. तो अनरियल इंजिनवर बनलेला, आणि ते इंजिन एपिकचं. म्हणजे ज्याच्याकडून अवजारं घेतली त्यानेच शेजारी दुकान थाटलं. पबजीवाल्यांनी २०१८ च्या सुरुवातीला एपिकवर कोरियात खटला भरला आणि जूनमध्ये मागे घेतला. कल्पनेवर मालकी सांगणं अवघडच. शंभर जण आणि एक विजेता, यावर कोण हक्क सांगणार?

एपिकने दोन गोष्टी नेमक्या केल्या. पहिली बॅटल पास. तेव्हा ९५० व्ही-बक्सचा (हे गेममधलं चलन) पास घ्यायचा, आणि सीझनभर खेळून तो पूर्ण केला की त्याहून जास्त व्ही-बक्स परत मिळायचे. म्हणजे पुढचा पास जवळजवळ फुकट, पण अट एकच, खेळत राहा. दुसरी गोष्ट बांधकाम, म्हणजे लढता लढता भिंती आणि जिने उभे करणं. एका तुकड्याला १० साहित्य. पूर्ण उभी राहिलेली लाकडी भिंत १५० नुकसान सोसते, दगडी ३००, धातूची ५००. नवखा इथेच फसतो. धातू मजबूत म्हणून गोळ्या सुरू असताना तो धातूची भिंत टाकतो, तिची ताकद सावकाश भरते आणि अर्धवट असतानाच फुटते. अंगावर गोळी आली की आधी लाकूड, सवड मिळाली की धातू. याच बांधकामाने पुढे फोर्टनाइटला अडचणीतही आणलं. जुने खेळाडू इतके तरबेज झाले, की नवा माणूस मागे वळून बघेपर्यंत समोरचा तीन मजले वर असायचा. मार्च २०२२ मध्ये आधी काही दिवस बांधकामच काढून टाकलं, मग झीरो बिल्ड हा कायमचा वेगळा मोड दिला. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण चोख अमलात आणलेलं.

मेलेल्या खेळाडूकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एपेक्स लेजेंड्सने. ४ फेब्रुवारी २०१९ ला, आधी गाजावाजा न करता, गेम थेट बाजारात. ६० खेळाडू, तिघांची वीस पथकं. साथीदार मेला की त्याच्या पेटीतून ९० सेकंदांत त्याचा बॅनर, म्हणजे त्याची खूण, उचलायचा, रिस्पॉन बीकन या परत आणायच्या ठिकाणापर्यंत न्यायचा, की साथीदार परत. सुरुवातीच्या काळात तो रिकाम्या हाताने उतरायचा, म्हणजे त्याला बंदूक शोधून देणं हे आणखी एक काम. पण या एका सोयीमुळे मेलेला माणूस गेम बंद करत नाही. तो बघत बसतो, ओरडतो, वाट दाखवतो. पहिल्या आठवड्यात अडीच कोटी खेळाडू आले. फोर्टनाइटने एप्रिलमध्ये मेलेल्याला परत आणणारी रीबूट व्हॅन आणली, तिच्यासाठी मेलेल्याचं कार्डही ९० सेकंदांतच उचलायचं. नक्कल म्हणा हवं तर. मला ती बिनशब्दांची दाद वाटते.

वॉरझोन मार्च २०२० मध्ये १५० खेळाडू घेऊन आला आणि मेलेल्यांना थेट गुलाग नावाच्या तुरुंगात टाकू लागला. दोन मेलेले समोरासमोर, जिंकणारा पॅराशूटने परत. हरलात तरी साथीदार खेळातल्या पैशांनी तुम्हाला सोडवू शकतात. फ्री फायरचं उत्तर सगळ्यात साधं. ५० खेळाडू, साधारण दहा मिनिटांची मॅच, कमी रॅमच्या फोनवरही चालणारा गेम. मेल्याचं दुःख करायला वेळच नाही, तोवर पुढची लॉबी भरलेली. संगणकवाले याला नाक मुरडतात, पण लॉबी भरायचं गणित फ्री फायरला चांगलं कळलेलं होतं.

ते गणित असं. सोलो, ड्युओ, स्क्वॉड (एकटा, दोघे, चौघे) आणि प्रत्येकात फर्स्ट पर्सन व थर्ड पर्सन (खेळाडूच्या डोळ्यांतून की पाठीमागून बघायचं): मॅचची वाट बघणाऱ्यांच्या सहा रांगा. पाच प्रदेश धरले तर तीस. प्रत्येक रांगेत मिनिटाला शंभर जण हवेत, तर मिनिटाला तीन हजार. एक खेळाडू सरासरी पंधरा मिनिटांनी रांगेत परत येतो असं मानलं, तर सतत पंचेचाळीस हजार जण हजर पाहिजेत, तेही सगळीकडे सारखे वाटलेले. मॅप निवडायची मुभा दिली की रांगा आणखी फुटतात. रँकनुसार वेगळ्या केल्या की आणखी. पाच विरुद्ध पाच असा सामना असलेला गेम हजारभर खेळाडूंवर तग धरतो, बॅटल रॉयल धरत नाही. रांग लांबली की माणसं उठून जातात, त्याने रांग आणखी लांबते.

पडलेल्यांची यादी याच खड्ड्यातली. एच१झेड१ आधी आला होता तरी पबजीपुढे ओस पडला, फुकट करूनही सावरला नाही. रॅडिकल हाइट्स एप्रिल २०१८ मध्ये आला आणि त्याचा स्टुडिओ पुढच्याच महिन्यात बंद झाला. हायपर स्केप २०२० मध्ये आला, एप्रिल २०२२ मध्ये मिटला, मागे युबिसॉफ्टसारखं मोठं घर असूनही. पबजी आणि फोर्टनाइटने लॉबीत बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, आणले त्यामागे नवख्यांना सांभाळायचा हेतू होताच, पण बॉटांनी रांगही भरते. जानेवारी २०२२ मध्ये पबजी फुकट झाला, तेही दारातून नवी माणसं यावीत म्हणून.

तेव्हा कुठला घ्यायचा असं विचारत असाल तर आकडे सोडा. तुम्ही एरवी ज्या वेळी खेळता त्याच वेळी, जवळच्या सर्व्हरवर, तुम्हाला हव्या त्या मोडची रांग लावा. दोन मिनिटांत लॉबी भरली आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) शंभराच्या आत राहिला, तर गेम तुमच्यासाठी जिवंत आहे. लॉबी भरली पण समोरचे उघड्यावर उभं राहून भलतीकडेच गोळ्या मारत असतील, तर ती बॉटांनी भरली आहे. मग दुसरी रांग बघा.