पोटरी दुखतेय, हे मला माहीत होतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारता तर दर ऑगस्टलाच, आमच्या फँटसी फुटबॉल लीगच्या ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आपण बारा जण पाळीपाळीनं आपापल्या कागदी संघात निवडतो, आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या खेळावर आपले गुण ठरतात), हसत हसत: "यंदा कोणता जखमी उचलणार?" धोक्याचा खेळाडू नेमका कधी घ्यावा, हा खरा प्रश्न त्यात कुठेतरी असतो. पण तुम्हाला उत्तर नको असतं, 2024 ची गोष्ट पुन्हा ऐकायची असते. घ्या, ऐका.

चिठ्ठीत पहिला नंबर माझा निघाला. मी ख्रिश्चन मॅकॅफ्री घेतला, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. 2023 मध्ये धावून आणि झेल घेऊन मिळून 2,023 यार्ड, 21 टचडाउन, म्हणजे इतक्या वेळा चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला. ऑगस्टभर त्याची पोटरी दुखत होती, सराव बंद होता, हे मला माहीत होतं. तुम्हालाही होतं. माझ्या जागी असता तर तुम्हा अकरांपैकी निदान आठ जणांनी तोच घेतला असता, हे मात्र आता कुणालाच आठवत नाही.

बरं, मी अगदीच आंधळा नव्हतो. शेवटच्या फेरीत त्याचा बदली म्हणून एलायजा मिचेल घेऊन ठेवला. हंगाम सुरू व्हायच्या आत मिचेलच जखमींच्या यादीत गेला, त्याचं वर्षच संपलं. मी त्याला सोडला. त्याच संघातला पुढचा बदली जॉर्डन मेसन तेव्हा मोकळा होता, आपल्यापैकी कुणीच घेतलेला नव्हता. दोन क्लिकचं काम. मी घेतला दुसरा टाइट एंड, म्हणजे वेगळ्याच जागेवरचा, अडवणारा आणि झेल घेणारा खेळाडू.

का, याचा विचार मी तुमच्यापेक्षा जास्त केलाय. मेसनला घेणं म्हणजे मॅकॅफ्री खेळणार नाही हे स्वतःशी कबूल करणं, असं काहीतरी डोक्यात होतं. पहिल्या नंबरचा खेळाडू हातात असताना तेवढं कबूल करवत नव्हतं.

9 सप्टेंबर, सोमवार रात्र, मॅकॅफ्रीच्या संघासमोर न्यूयॉर्क जेट्स. माझे बाकीचे सगळे रविवारीच खेळून झालेले. मी 12 गुणांनी पुढे, मॅकॅफ्री बाकी. त्या आठवड्यातल्या माझ्या लीगमधल्या प्रतिस्पर्ध्याकडे एकच उरलेला: शनिवारी उचललेला मेसन. सामन्याआधी दीड तासावर न खेळणाऱ्यांची यादी आली आणि त्यात मॅकॅफ्री. बेंचवर बदलायला कुणी नाही, आणि आमच्या नियमाप्रमाणे बुधवारपर्यंत नवा कुणी उचलता येत नाही. मग मी सामना बघितला. बंद करायला हवा होता, पण बघितला. मेसननं 28 वेळा चेंडू घेऊन 147 यार्ड काढले, वर एक टचडाउन. नुसत्या धावण्याचेच 20.7 गुण. मी नऊनं हरलो. चॅटवर आधी एकच हसरा चेहरा आला, मग अकरा.

मॅकॅफ्री पहिले आठ सामने बाहेर बसला. नोव्हेंबरात परतला, चार सामने खेळला, त्यांत टचडाउन शून्य, आणि 1 डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघा घेऊन बसला.

आता "तूच 2020 मध्ये काय लिहिलं होतंस" हे पुढे येणार. लिहिलं होतं. तेव्हाही तोच पहिला गेला होता आणि तीनच सामने खेळला होता. त्यावर मी ठणकावलं होतं, पहिल्या दोन फेऱ्यांत दुखापतीचा वाससुद्धा नको. त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं: एड्रियन पीटरसनचं काय केलं असतंस? 24 डिसेंबर 2011 ला त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, आणि पुढच्याच हंगामात धावून 2,097 यार्ड, एका हंगामाच्या विक्रमाला आठ कमी. आणि लेव्हिऑन बेल? 2018 मध्ये त्याला काहीही झालं नव्हतं, धडधाकट होता. कराराच्या वादात वर्षभर मैदानावरच आला नाही.

दहाव्या फेरीनंतरचं मात्र मी ठामपणे सांगतो, तिथे भरवशाचा खेळाडू घेणं हाच वेडेपणा. दर आठवड्याला सहा गुण देणारा माणूस बेंचवर नुसता बसून राहतो. खेळवतही नाही, सोडवतही नाही. पुका नाकुआ 2023 मध्ये बहुतेक लीगमध्ये कुणी घेतलाच नव्हता. नवखा, खऱ्या संघांच्या ड्राफ्टमध्येही पाचव्या फेरीत निवडलेला. वर्षअखेर 105 झेल, 1,486 यार्ड. असा कुणी उगवला की बेंचवरचा एक माणूस हाकलावा लागतो, आणि नवखा फसला असेल तर त्याला हाकलताना जीव तुटत नाही.

वरच्या फेऱ्यांत मी एवढंच बघतो, की हा गेला तर त्या जागी कोण. दर फेरीत क्रम उलटतो, त्यामुळे पहिला नंबर असला की पुढची पाळी थेट चोविसावी. मधले बावीस जण तुमच्या डोळ्यांदेखत जातात. म्हणून मॅकॅफ्री घ्यायचा तर मेसनची जागाही त्याच्याच किमतीत धरायला हवी होती. हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं की काय, ते नक्की सांगता येत नाही. मिचेल घेतला होता, म्हणजे कळत असावं.

मग 2025. माझा नंबर सातवा. माझी पाळी आली तेव्हा मॅकॅफ्री अजून शिल्लक होता. तुमचं सगळ्यांचं हसू मला न बघताही दिसत होतं. मी त्याला सोडला आणि कधीच काही न झालेला एक जण घेतला. मॅकॅफ्री सतराच्या सतरा सामने खेळला.

त्याबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.