बाबांची इमर्जन्सी एंडोस्कोपी आणि अडकलेली एक सही

बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, म्हणजे लिव्हर खराब होऊन कडक झालंय. रक्ताची उलटी झाली म्हणून त्यांना ॲडमिट केलं, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्याची शंका असली की १२ तासांच्या आत एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून तपासणी, करतात. शिरांतला दाब कमी करणारं औषध, अँटिबायोटिक, सगळं भराभर सुरू झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

अडलं ते फॉर्मवर. डॉक्टरांना झोपेचं इंजेक्शन द्यायचं नव्हतं, कारण खराब लिव्हरमुळे ते शरीरात जास्त वेळ राहतं आणि लिव्हरमुळे बाबांना आधीच आलेली ग्लानी वाढते. म्हणून घशात नुसता स्प्रे आणि सोबत मनगटाला नि पायाला पॅड लावून ॲक्युपॉइंटवर (ॲक्युपंक्चरमध्ये सुई टोचतात त्या जागी) हलका करंट, असं त्यांनी सुचवलं. सुई नाही काही नाही, मला लगेच पटलं. पण त्याच्या संमतीचा कागद वेगळा आणि काउंटरवर म्हणे सही पेशंटचीच लागेल! अहो, बाबांना साल सांगता येत नव्हतं, हात पुढे धरायला सांगितलं तर पंजे फडफडत होते, ते कसली सही करणार? एंडोस्कोपीच्या फॉर्मवर माझी सही चालली मग इथे का नाही, याचं उत्तर कुणाकडेच नाही, विचारून सांगतो म्हणून जो तो आत जातोय आणि तिकडे बाबा "मळमळतंय गं" म्हणून कळवळतायत. शेवटी ड्युटीवरच्या डॉक्टरांनीच लिहून दिलं, पेशंट निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, मुलगी सही करेल. दोन ओळींचं काम! अजून संताप होतो.

तुमच्यावर वेळ आली तर सरळ डॉक्टरांनाच गाठा. पण पॅडसाठी एंडोस्कोपी लांबू देऊ नका, रक्त थांबतं ते औषधाने आणि शिरांना रबरबँड लावल्याने, करंट फक्त मळमळ आणि घाबरेपणा कमी व्हावा म्हणून असतो.

मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन ताठ दोऱ्या लागतात ना, त्यांच्यामध्ये एक पॅड. दुसरा गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या किंचित बाहेर. मुंग्या येतील इतपतच करंट ठेवायचा, दुखायला नको. ओकाऱ्या आल्याच, पण बाबांनी नळी ओढली नाही, हात मागे घेतला नाही, बँडिंग नीट पार पडलं.

पुढचं बँडिंग दोन ते चार आठवड्यांत आहे, त्याचा कागद बाबा शुद्धीवर असतानाच त्यांच्या सहीने भरून ठेवलाय. आणि हो, पेसमेकर असेल तर ते आधीच सांगा, मग हा करंट लावत नाहीत.