काम सोडताना आधी उघडी जॉब कार्डं मोजा

नवीन ठिकाणी काम पक्कं झालं की प्रत्येक मेकॅनिक आधी हेच विचारतो, "नोटीस किती दिवसांची द्यावी लागंल?" शोरूमच्या वर्कशॉपात हे अपॉइंटमेंट लेटरवर लिहिलेलं असतं, कुठं ३० दिवस, कुठं १५. छोट्या गॅरेजात लेटरच नसतं, शेठला तोंडी सांगितलं की झालं. पण तारीख सांगण्याआधी आपल्या नावावर किती गाड्या उघड्या आहेत, म्हणजे किती जॉब कार्डं (गाडीच्या कामाचे कागद) पुरी व्हायची आहेत, ते मोजा. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवलेली गाडी मागं सोडून गेलेल्या मिस्त्रीचं नाव गावात वर्षभर निघतं.

त्याच्याही आधी एक पथ्य. "एक तारखेला या, बघू" ही ऑफर नव्हे. पगाराचा आकडा, जॉइनिंगची तारीख आणि पद लिहिलेला कागद हातात येईपर्यंत कुणाला बोलू नका. स्पेअरच्या दुकानात तर नाहीच. उदगीर असो की अंबाजोगाई, सगळ्या गॅरेजवाल्यांचा ब्रेक शू त्याच दोन-चार काउंटरवरून येतो आणि सकाळी तिथं बोललेलं दुपारच्या चहाला शेठपर्यंत पोचतं.

वेळही बघा. लातूर, बीड, धाराशिवकडं कारखाने पेटले की उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक रात्री-बेरात्री गॅरेजला येतात. ऐन गाळपात काम सोडलं तर नोटीस कितीही रीतसर असो, शेठच्या मनात अढी बसते. गाळप संपल्यावर निघणं सोयीचं. शोरूमच्या वर्कशॉपात मार्च ते मे एसीच्या कामांची गर्दी असते. तिथं लेबरवर इन्सेन्टिव्ह असेल तर मागच्या महिन्याचा जमा झाल्यावरच राजीनामा द्या. दिवाळीच्या बोनससाठी मात्र अडकून राहायची गरज नाही. बोनसचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी आर्थिक वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल आणि पगार मर्यादेत बसत असेल, तर त्या वर्षाचा बोनस नंतर नोकरी सोडली तरी मिळतो. तो मागायचा असतो, एवढंच.

राजीनामा चार ओळींचा पुरतो: नाव, कामगार क्रमांक, आजची तारीख, कामाचा शेवटचा दिवस. कारण "वैयक्तिक" लिहा. फोरमनवरचा राग कागदावर उतरवू नका. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या, सही आणि तारखेसकट. व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तरी ही पोच घ्याच. नोटिशीचे दिवस तिथूनच मोजले जातात.

आता उघड्या गाड्या. नोटीस दिल्याच्या दिवसापासून इंजिन खोलायचं नवीन काम अंगावर घेऊ नका, सर्व्हिस आणि ब्रेकची कामं घ्या. जे इंजिन आधीच खोललंय ते शक्यतो आपल्याच हातानं बंद करा. नाहीच जमलं तर ते कसं सोडायचं याची रीत आहे. हेडचे बोल्ट डबड्यात एकत्र टाकू नका. पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून ज्या त्या जागी भोकात खोचा. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) कॅप ज्या त्या रॉडवर हातानं लावून ठेवा, सिलिंडरचा नंबर पेंटनं टाका. रॉड आणि कॅप जोडून एकत्र बोअर केलेले असतात. कॅपची अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही, ऑइलची फट बिघडते आणि नवं बेअरिंगसुद्धा थोड्याच दिवसांत खाऊन जातं. हेड फेसिंगला (तळ सपाट करून घ्यायला) गेलं असेल तर पावती जॉब कार्डला टाचा.

आणि टॉर्क मारताना, म्हणजे टॉर्क रेंचनं ठरलेल्या जोरात बोल्ट आवळताना, मध्येच कधीच सोडू नका. आजच्या बऱ्याच इंजिनांत हेड बोल्ट आधी ठरलेल्या टॉर्कला आणि मग अंशात फिरवून आवळतात. पुढच्या माणसाला कुठली पायरी झाली ते कळलं नाही तर तो पुन्हा ९० अंश फिरवतो आणि बोल्ट ताणून जातो, नाहीतर ब्लॉकमध्येच तुटतो. असा बोल्ट काढायला अर्धा दिवस जातो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

स्टिअरिंगवर मास्किंग टेप लावून मार्करनं लिहा: "ऑइल काढलंय, भरलेलं नाही. स्टार्ट करू नये." ड्रेन प्लग नुसता हातानं लावलाय, चाकाच्या नटांना टॉर्क मारायचा राहिलाय, ब्रेकमधली हवा काढायची आहे, हेही त्याच टेपवर. वॉरंटीत बदललेले जुने पार्ट टॅग लावून स्टोअरला जमा करा आणि सही घ्या. जुना पार्ट सापडला नाही तर क्लेम अडकतो आणि वसुलीची गोष्ट निघते, तेव्हा जो तिथं हजर नसतो त्याचंच नाव पुढं येतं. इन्शुरन्सच्या गाडीचा सर्व्हे बाकी असेल तर काढलेला बंपर, लाइट हलवू नका.

पान्यांचा हिशोब शेवटच्या दिवशी होत नाही. आठवडाभर आधी यादी करा: कंपनीचं काय, स्वतःचं काय. टॉर्क रेंच, पुलर, टायमिंग लॉकच्या पिना आणि स्कॅनर मोजून द्या. स्वतःच्या पान्यांवर इलेक्ट्रिक टेपचा एक रंग नाहीतर पंचची खूण असली तर वाद होत नाही. दहा नंबरची गोटी (सॉकेट) कुणाचीच सापडत नाही, ती नवीच आणून द्या.

पैशाचं थोडक्यात. ३० दिवसांच्या नोटिशीतले १२ दिवस भरले तर १८ दिवसांचा पगार कापतात. तो मूळ पगारावर की एकूण पगारावर, हे लेटरमध्ये बघा. गॅरेजात उचल घेतली असेल तर वहीतला आकडा शेठसमोर बसून जुळवून घ्या, फेडीचे हप्ते लिहून घ्या आणि फेडल्याची सही घ्या. उचल हे पैशाचं देणं आहे. त्यासाठी माणसाला कामावर डांबून ठेवता येत नाही. हिशोबाला ४५ दिवस लागतील असं अकाउंटवाले सांगतात, पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी मागा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आणि नोकरी ७ वर्षं, तर १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे साधारण ७२,६९२ रुपये.

पीएफ प्रत्येक नोकरीला काढून खाणं ही आपल्या लाइनीतली सगळ्यात महागडी सवय आहे. पीएफमधल्या पेन्शनसाठी नोकरीची एकूण १० वर्षं लागतात. पैसे ट्रान्सफर केले तर जुनी वर्षं जोडली जातात, पेन्शनचेही काढले तर ती गेली. यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा, नव्या ठिकाणी दुसरा काढू देऊ नका. ईएसआयचा (कामगार विम्याचा) विमा क्रमांकही जुनाच चालतो, जॉइनिंगलाच सांगा. जुन्या मालकानं पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली का ते तपासा. टाकली नसेल तर शेवटचा हप्ता भरल्यानंतर दोन महिन्यांनी मेंबर लॉगिनमधून 'मार्क एक्झिट' करून ती आपली आपल्याला टाकता येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तेवढा चालू पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो.