न लिहिलेली ओळ

मायक्रोकंट्रोलरचा माझा बोर्ड कधी २० मिनिटांत अडकायचा, कधी सहा-सहा तास सुरळीत चालायचा. अडकला की एलईडीची लुकलुक बंद आणि सिरियल पोर्टवर चिडीचूप. वॉचडॉग, म्हणजे अडकलेला बोर्ड आपोआप रिसेट करणारा टायमर, मी मुद्दाम बंद ठेवला होता, म्हणून निदान प्रेत जागेवर तरी सापडायचं.

कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर आणि त्यावर फ्रीआरटीओएस, म्हणजे अनेक टास्क (कामं) आलटून-पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम. एडीसीची (सिग्नलचे आकडे करणारा भाग) सॅम्पल्स डीएमएमार्फत (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग) बफरमध्ये येतात, अर्धा बफर भरला की इंटरप्ट (हातातलं काम थांबवायची हाक) येतो आणि त्याचा आयएसआर, म्हणजे ती हाक हाताळणारं फंक्शन, प्रोसेसिंगच्या टास्कला नोटिफिकेशन देतो. शिवाय यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) एक इंटरप्ट. एवढाच पसारा.

डीबगरने थांबवलं की प्रोग्रॅम दरवेळी एकाच जागी सापडायचा: कर्नलमध्ये (फ्रीआरटीओएसच्या गाभ्यात), लिस्टमध्ये क्रमाने नोंद घुसवणाऱ्या फंक्शनच्या फॉर लूपमध्ये. गंमत म्हणजे त्या लूपच्या डोक्यावरच कर्नलवाल्यांनी लांबलचक कॉमेंट लिहून ठेवली आहे. इथे अडकलात तर बहुधा यांपैकी काहीतरी झालंय: स्टॅक ओव्हरफ्लो (टास्कला दिलेली कामाची मेमरी कमी पडणं), इंटरप्टची चुकीची प्रायॉरिटी, क्रिटिकल सेक्शनमधून (मध्येच कुणी शिरू नये अशा भागातून) एपीआय कॉल (कर्नलचं फंक्शन बोलावणं), तयार व्हायच्या आधीच वापरलेला क्यू किंवा सेमाफोर (टास्कमधल्या देवाणघेवाणीची साधनं). पहिल्याच दिवशी ती वाचली. प्रायॉरिटीपाशी आल्यावर मनात म्हटलं, ते आपण नीट केलंय, आणि स्टॅकच्या मागे लागलो.

दोन दिवस त्यात गेले. सगळ्या टास्कचे स्टॅक दुप्पट केले, तपासणी चालू केली, काही नाही. मग आयएसआरमध्ये प्रिंट टाकलं, तर बगच गायब! प्रिंटने वेळेचं सगळं गणित बदललं होतं. ते काढलं आणि त्याऐवजी आयएसआरमध्ये शिरताना एक पिन हाय, बाहेर पडताना लो केली, वर पिनचे चढउतार टिपणारा लॉजिक अ‍ॅनालायझर. खरा उपयोग झाला तो सॅम्पलिंगचा वेग वाढवल्याचा. बोर्ड तीन-चार मिनिटांत अडकायला लागला. हे आधीच सुचायला हवं होतं, सहा तासांनी उगवणाऱ्या बगची नुसती राखण करत बसलो होतो.

आता अडकलेल्या बोर्डाची मेमरी उघडून लिस्ट हाताने चालत गेलो. डिलेड लिस्टच्या (वाट बघणाऱ्या टास्कच्या यादीच्या) मोजणीत ४ नोंदी. पॉइंटर (पुढच्या नोंदीचा पत्ता) धरून निघालो तर दुसऱ्या नोंदीनंतर थेट रेडी लिस्टमध्ये, म्हणजे चालायला तयार असलेल्या टास्कच्या यादीत! दोन साखळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या. कागदावर चौकोन काढत बसल्यावर उलगडलं. एक टास्क ठरावीक मुदतीसाठी नोटिफिकेशनची वाट बघायला डिलेड लिस्टमध्ये शिरतोय. अमुक नोंदीच्या मागे बसायचं हे लूपने शोधलंय, पण पॉइंटर अजून जोडलेले नाहीत. नेमक्या त्या क्षणी कुणीतरी ती अमुक नोंद उपटून रेडी लिस्टमध्ये नेली. टास्क बिचारा तिच्याच मागे बसला, म्हणजे परक्या साखळीत.

पण हे सगळं तर क्रिटिकल सेक्शनमध्ये चालतं. तिथे शिरलं कोण?

इथे थोडं थांबायला हवं. कॉर्टेक्स-एमवर फ्रीआरटीओएसचं क्रिटिकल सेक्शन सगळे इंटरप्ट बंद करत नाही. ते बेसप्राय नावाच्या रजिस्टरमध्ये एक सीमा लिहितं. माझ्याकडे ती ५ होती. चिपमध्ये प्रायॉरिटीचे वरचे चारच बिट असल्यामुळे रजिस्टरमध्ये हेक्स ५० दिसतं. आकडा ५ किंवा त्याहून मोठा असलेले इंटरप्ट थांबतात. ० ते ४ वाले थांबत नाहीत, आणि म्हणूनच त्यांनी कर्नलच्या एपीआयला हात लावायचा नसतो. आकडा लहान तितका मान मोठा, या उलट्या हिशोबात भलेभले गोंधळतात. मी गोंधळलो नव्हतो, याचाच मला अभिमान.

शेजारच्या सहकाऱ्याला कागद दाखवला. त्याने विचारलं, "डीएमएची प्रायॉरिटी किती?"

"सहा."

"कुठे लिहिलीयस?"

फाइल उघडली. यूआर्टला ६ दिलेली, खाली इनेबल. डीएमएला फक्त इनेबल. प्रायॉरिटीची ओळच नाही. आणि रिसेटनंतर या इंटरप्टची प्रायॉरिटी ० असते, म्हणजे सगळ्यांत वरची. ती बेसप्रायला अडवताच येत नाही. चार दिवस मी लिहिलेली प्रत्येक ओळ तपासत होतो.

दुरुस्तीआधी एक शंका फेडून घेतली. कोड लहान राहावा म्हणून मीच चुका पकडणारं कर्नलचं अ‍ॅसर्ट बंद केलं होतं. ते चालू करून रिसेट दिला. डीएमएचा पहिलाच इंटरप्ट आला आणि प्रोग्रॅम जागीच थांबला, तोही नेमका इंटरप्टची प्रायॉरिटी तपासणाऱ्या फंक्शनमध्ये. एक सेकंदही लागला नाही. मी थोडा वेळ नुसता स्क्रीनकडे बघत राहिलो.

मग ओळ घातली, डीएमएला ६.

पिनचा तो अ‍ॅनालायझर मात्र लगेच काढला नाही. डीएमएचा इंटरप्ट आता क्रिटिकल सेक्शन संपायची वाट बघणार, तेव्हा पल्समधलं अंतर किती हलतंय ते बघायचं होतं. कर्नलमुळे जेमतेम काही मायक्रोसेकंद. पण मधूनच एक पल्स चांगलाच उशिरा येत होता. त्याचा मागही माझ्याच कोडपाशी आला: कॅलिब्रेशनचं अख्खं टेबल मी क्रिटिकल सेक्शनमध्ये कॉपी करत होतो. आता दोन टेबलं ठेवली आहेत आणि क्रिटिकल सेक्शनमध्ये फक्त पॉइंटर बदलतो.