मागच्या बाकावरच्या रेघा

मंगळवार, रात्री

अकरावीचा रसायनशास्त्राचा तास संपल्यावर शेवटच्या बाकावर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. असे बारा गठ्ठे आणि वर दोन सुट्या. शेजारी लिहिलं होतं, 'म्हणजे'. ६२! पोरांनी माझे 'म्हणजे' मोजले होते. आधी राग आला. मग वाटलं, कार्ट्यांनी निदान तास तरी लक्ष देऊन ऐकला.

बुधवार

आज फोनवर तास रेकॉर्ड केला. रात्री ऐकताना स्वतःचाच आवाज सोसवेना. "तर म्हणजे काय आहे ना, म्हणजे समजा आपण..." एवढ्यात मी सांगितलं काय? काही नाही. पण सगळेच 'म्हणजे' फुकटचे नव्हते. 'एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण.' इथला 'म्हणजे' काढला तर व्याख्याच कोसळेल. कागदावर दोन रकाने केले. ५७ पैकी १८ कामाचे निघाले, उरलेले ३९ नुसतेच. आणि ते येतात कुठे? समीकरण मांडताना एकही नाही. फळ्याकडून वर्गाकडे वळताना येतात, उदाहरण शोधताना येतात. सफरचंद घ्यावं की तांदळाचे दाणे हे ठरलेलं नसतं, तोंड मात्र सुरू झालेलं असतं.

१९९१ साली मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शाक्टर आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे व्याख्यानातले 'अं' मोजले होते. विज्ञानवाल्यांचे कमी, साहित्य-कलावाल्यांचे जास्त. याच मंडळींना सगळ्यांना सारख्याच विषयावर बोलतं केलं तर हा फरक उरला नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की जिथे शब्दांना पर्याय जास्त तिथे अडखळणं जास्त. मराठीच्या मॅडमना चिडवायला हे छानच आहे, पण रसायनशास्त्राची अब्रू तर मीच घालवतेय!

शुक्रवार

उदाहरणं आदल्या रात्री वहीत लिहायची आणि वळताना तोंड मिटायचं, असं ठरवलं. पहिलं सोपं. दुसरं महाकठीण. फळ्यापाशी दोन सेकंद गप्प राहिलं तरी वाटतं, आता शिपाई येऊन घंटाच देणार. (रेकॉर्डिंगमध्ये ती शांतता कळतही नाही.) तिसऱ्यांदा अशी थांबले, तर मागून कोणीतरी हळूच, अगदी माझ्याच सुरात, "म्हणजे..." पुरवलं. वर्ग खो-खो हसला. मलाही आवरेना.

तासानंतर बाक पाहिला. नव्या रेघा २७. शिवाय दुसरा रकाना उघडलेला, 'बरोबर?' त्याखाली ३१. याचा तर मला पत्ताच नव्हता.

सोमवारी मोलवरची गणितं. तांदूळच घेणार. वहीत लिहून ठेवलंय.