आमची वाटचाल : रेनकोटावरच्या पट्टीपासून

लांज्यात मी ब्लाउज शिवायची. घराच्या पडवीत एक मशीन, गणपतीच्या आधी महिनाभर रात्ररात्र काम आणि बाकी वर्षभर बेताचंच. त्याच पडवीत सुरू झालेल्या आमच्या व्यवसायात आज 14 माणसं आहेत. रस्त्याच्या, मोऱ्यांच्या, पाइपलाइनच्या कामांवर आम्ही कोन, बॅरिकेड, बोर्ड, जॅकेट भाड्याने देतो आणि गाड्या थांबवायला-सोडायला शिकवून तयार केलेले झेंडेवाले पाठवतो. बाईमाणूस या धंद्यात कशी आली, असं अजून विचारतात. माझ्या भावामुळे आले.

2014 चा जुलै. महामार्गावर दरड आली होती आणि भाऊ एका ठेकेदाराकडे झेंडा धरून उभा होता. संध्याकाळची वेळ, धो धो पाऊस. वळणावरून टेम्पो आला आणि त्याला उडवून गेला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. टेम्पोवाला पळाला नाही, त्यानेच दवाखान्यात आणलं. थरथरत एकच म्हणत होता, "आईशप्पथ, माणूस दिसलाच नाही हो ताई." मला त्याचा फार राग आला होता. दोन दिवसांनी भावाचे कपडे धुवायला काढले तेव्हा कळलं की तो खरं बोलत होता. ठेकेदाराने दिलेलं चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट अगदी कोरडं होतं. डाग नाही, चिखल नाही. पावसात भिजायला नको म्हणून त्याने त्याच्यावर काळा रेनकोट चढवला होता. जॅकेट आत, अंधार बाहेर.

त्या रात्री मी रेनकोटावर पट्टी शिवून पाहिली. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत यायला लागलं. आठवडाभर उसवलं, शिवलं. शेवटी शिलाईवर आतून टेप ठेवून बेताच्या इस्त्रीने चिकटवायची युक्ती जमली. इस्त्री जरा जास्त तापली की रेनकोट आक्रसतो, कमी तापली तर टेप दुसऱ्या पावसात सुटते. असे 30 रेनकोट एका मुकादमाने नेले. पैसे दिवाळीनंतर दिले, पण दिले.

रंगाचं मला मागाहून कळलं. सगळीकडे नारिंगी जॅकेट वापरतात म्हणून आम्हीही तीच शिवली. एप्रिलमध्ये एका कामावर गेले, तर जांभा दगडाच्या तांबड्या कटिंगसमोर आमची माणसं मला शंभर पावलांवरून नीट वेगळी दिसेनात. वर धुरळा बसून जॅकेटही तांबडं झालेलं. तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही पोपटी जॅकेट देतो. पावसाळ्यात कोकण सगळं हिरवं होतं, मग नारिंगी काढतो. मुंबईच्या दुकानदाराला हे सांगितलं तर तो हसला होता.

पण माणूस दिसला एवढ्याने भागत नाही, तो वेळेत दिसावा लागतो. रस्त्यावरच्या कामाजवळ वाहतूक कशी सांभाळायची यावर भारतीय रस्ते काँग्रेसची एक पुस्तिका आहे, एसपी 55. एका निवृत्त अभियंत्यांनी ती मला घरी बसवून समजावली. ताशी 60 ने येणाऱ्या गाडीला समोरचं पाहून थांबायला साधारण 80 मीटर लागतात. उतार असेल, रस्ता ओला असेल तर आणखी. आता आपल्या घाटात 80 मीटर सरळ रस्ता कुठे सापडतो? म्हणून पहिला बोर्ड आणि पहिला झेंडेवाला वळणाच्या अलीकडे, गाडी येते त्या बाजूला. वळणाच्या पोटात कुणी उभं राहायचं नाही. माझा भाऊ बरोबर तिथेच उभा होता.

दोन टोकांच्या दोन झेंडेवाल्यांना एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून आम्ही वॉकीटॉकी देतो. तीही बंद पडली तर शेवटच्या सोडलेल्या गाडीच्या चालकाकडे झेंडा द्यायचा. तो पलीकडे पोचला की रस्ता मोकळा झाला असं समजायचं. बोर्ड लावतानाही क्रम असतो. सगळ्यांत लांबचा आधी, मग कामाकडे येत येत कोन. काढताना बरोबर उलट. हे पाळलं नाही तर कोन लावणाराच उघड्यावर सापडतो.

सगळ्यांत चांगली सोय म्हणजे रस्ता काही तास पूर्ण बंद. 2022 च्या उन्हाळ्यात परशुराम घाटात दुपारचे काही तास वाहतूक बंद ठेवून काम केलं होतं. लोकांनी खूप कुरकुर केली. मला मात्र डोंगर फोडणाऱ्या माणसांच्या पाठीमागून एसटी जात नाही, एवढंच सुख वाटत होतं.

आमच्याकडे शिकायला येणारी बरीच माणसं विजापूर, कलबुर्गीकडची. नवरा-बायको दोघं कामावर, पोर सावलीत साडीच्या झोळीत. मराठी बोर्ड त्यांना वाचता येत नाहीत. आमच्याकडची एक लमाणी बाई त्यांना त्यांच्या बोलीत शिकवते. अंगावर डांबर पडून भाजलं तर ते ओढून काढायचं नाही, आधी भरपूर गार पाणी, बाकी डॉक्टर बघतील. डांबर-खडीचं मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास असतं, सोलायला गेलं की कातडीच येते. आणि चर दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल तर दोन्ही बाजूंना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय आत उतरायचं नाही. आपल्याकडे जांभा भिंतीसारखा उभा राहतो म्हणून गडी निर्धास्त असतात. त्याच्या खालची चिकण माती पाणी प्याली की वरचा जांभा सांगून येत नाही. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर भरतं, छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही. वर्षात 90 दिवस काम भरलेल्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणीही आम्ही करून देतो.

वाईट दिवसही आले. 2019 मध्ये एका मोठ्या कामावर आमचा सगळा माल लागला होता. एक दिवस न कळवता गेले तर रस्त्यावर एकही बोर्ड नाही. सकाळी लावायचे, बिलासाठी फोटो काढायचा आणि वाटेत येतात म्हणून टेम्पोत टाकायचे, असा रोजचा प्रकार. मजूर रस्त्यात उकिडवे बसून खडी भरत होते. मी तिथल्या तिथे माल गाडीत भरून परत आणला. ते बिल बुडालं, त्या हंगामात दोन मशीनं विकावी लागली आणि पुढची दोन वर्षं तो ठेकेदार जिथे तिथे माझी बदनामी करत होता. आज तसंच घडलं तर आजही माल परत आणीन. तेव्हापासून आमच्या करारात एक ओळ असते की आमचा माणूस कधीही न सांगता येऊन पाहील.

भाऊ लंगडतो, पण गोदाम तोच बघतो. कामावरून परत आलेली जॅकेट आणि रेनकोट धुऊन सुकले की तो अंधार पडायची वाट पाहतो. दोरीवर सगळे ओळीने टांगतो, वीस पावलं मागे जातो आणि बॅटरी डोळ्यांच्या अगदी बाजूला धरतो. हात खाली करून बॅटरी मारली तर पट्टी चमकल्याचं कळत नाही. उजेड जिथून येतो तिथेच ती तो परत पाठवते, म्हणून चालकाला दिसावं तसं बघावं लागतं. जी पट्टी मंद वाटते ते जॅकेट तो खाली उतरवतो आणि कात्रीने मधोमध कापून टाकतो. नुसतं बाजूला ठेवलं तर घाईच्या दिवशी कुणीतरी तेच अंगात घालून जाईल, असं त्याचं म्हणणं. काल सात कापली.